खाल्लेलं अंगी लागत नाही

जळगाव किंवा धुळ्याच्या दवाखान्यात ही तक्रार बहुतेक वेळा अहिराणीत येते: ‘खायेल आंगले लागत नही.’ सांगणारा चाळिशीचा शेतकरी असतो, नाहीतर दोन मुलांची आई. भूक मेलेली असते. दिवसातून चार-पाच वेळा परसाकडे जावं लागतं आणि हे तीन-चार महिने चाललेलं असतं. शौच पातळ आणि पांढुरकं, फेसाळ आणि तेलकट. दोन तांबे पाणी ओतलं तरी भांड्याला चिकटून राहतं आणि वास असा की घरातली माणसं बोलून दाखवतात. पोट गुबारतं. जीभ लालबुंद आणि गुळगुळीत झालेली असते. शेवभाजी आणि ठेच्यावर वाढलेला माणूस हिरवी मिरची ताटातून बाजूला काढू लागला की घरच्यांना पहिल्यांदा काळजी वाटते. मग पायावर सूज येते, जिना चढताना दम लागतो, बोटांच्या पेरांवर काळपट डाग दिसू लागतात. सदरा दोन मापं ढिला झालेला असतो.

या सगळ्याला गावात एकच नाव आहे, अशक्तपणा. त्यावरचा उपचारही ठरलेला. एक बाटली लावायची, ताकदीचं इंजेक्शन, जंताची गोळी, मेट्रोनिडॅझोलचा पाच दिवसांचा कोर्स. आठवडाभर बरं वाटतं. मग पुन्हा तेच. दुसरा डॉक्टर, तिसरा डॉक्टर, अधूनमधून कुणी उतारा करणारा. पोटाच्या सोनोग्राफीत दोन गाठी दिसल्या की क्षयाच्या गोळ्या सुरू होतात. क्षयही आपल्याकडे खरोखरच असतो, त्यामुळे त्या डॉक्टरलाही सरसकट दोष देता येत नाही.

अशा रुग्णांपैकी काहींना असतो तो ट्रॉपिकल स्प्रू. लहान आतड्याचा, उष्ण कटिबंधातला, बहुतेक करून प्रौढांना होणारा आजार. पोटात गेलेलं अन्न पचतं, पण रक्तात शिरत नाही. आयुर्वेदाच्या ग्रंथांतली ग्रहणी आणि आपल्या आजीच्या तोंडची संग्रहणी या मोठ्या छत्रीखाली तो कुठेतरी बसतो. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला पंधरावा अध्याय ग्रहणीचाच आहे आणि त्यात ताकाचं भरभरून कौतुक आहे. थोडक्यात, आजार इथला आणि जुना. तरीही तो आधुनिक वैद्यकाच्या नजरेस पडला तो दुसऱ्याच लोकांच्या पोटात.

०००

आधी आतड्यात काय बिघडतं ते पाहू, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे.

लहान आतडं साधारण सहा मीटर लांब. त्याच्या आतल्या अस्तरावर जेमतेम एक मिलिमीटर उंचीचे लाखो अंकुर असतात. अन्नरस शोषण्याचं काम त्यांचं. त्यांच्यावरच्या पेशी चार-पाच दिवसांत झडतात आणि नव्या येतात; शरीरात इतक्या वेगाने नवं होणारं दुसरं अस्तर क्वचितच. नवी पेशी घडवायला फोलेट लागतं, म्हणजे हिरव्या पालेभाज्यांतलं आणि डाळींतलं एक जीवनसत्त्व. हे फोलेट शोषलं जातं आतड्याच्या वरच्या भागात. इथेच घोळ सुरू होतो.

स्प्रूची सुरुवात अनेकदा साध्या जुलाबांनी होते. एखादा जंतुसंसर्ग होतो. दूषित पाणी, लग्नातलं जेवण, काहीही निमित्त. जुलाब थांबायला हवेत, ते थांबत नाहीत. एरवी मोठ्या आतड्यात राहणारे जीवाणू (क्लेबसिएला, ई. कोलाय आणि त्यांची भावकी) लहान आतड्याच्या वरच्या भागात वस्तीला येतात आणि हटत नाहीत. आतड्याची चाल मंदावते, त्यामुळे त्यांना अधिकच मोकळं रान मिळतं. अस्तर सुजतं, अंकुर बुटके होतात. गारपिटीनंतर ज्वारीचं शेत आडवं व्हावं तसं. अंकुर बुटके म्हणजे फोलेट कमी, आणि फोलेट कमी म्हणजे नवे अंकुर घडणं अवघड. यकृतातला फोलेटचा साठा तीन-चार महिन्यांत संपतो. रक्तातल्या पेशी मोठाल्या आणि अर्धवट घडलेल्या निघू लागतात आणि अॅनिमिया होतो. आजार आतड्याच्या खालच्या टोकापर्यंत पोहोचला की ब-१२चं शोषणही थांबतं, कारण ते तिथेच शोषलं जातं. चरबी तशीच वाहून जाते, तिच्याबरोबर अ आणि ड जीवनसत्त्वं जातात. कुणाला रातांधळेपणा येतो, कुणाची हाडं दुखतात.

गहू खाल्ल्याने होणारा सीलिअॅक आजारही याच अंकुरांवर घाव घालतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली दोघांचा चेहरा बराच सारखा दिसतो. पण सीलिअॅकचा जोर मुख्यतः आतड्याच्या वरच्या टोकावर, तर स्प्रू अख्खं लहान आतडं धरतो. दुसरा फरक रुग्णासाठी त्याहून मोठा. सीलिअॅकला जन्मभर गहू वर्ज्य करावा लागतो. स्प्रू बहुधा टेट्रासायक्लिन गटातलं अँटिबायोटिक, फोलिक अॅसिडच्या गोळ्या आणि ब-१२ची इंजेक्शनं यांनी तीन ते सहा महिन्यांत बरा होतो. फोलिक अॅसिडची गोळी ही औषधाच्या दुकानातल्या सर्वांत स्वस्त गोळ्यांपैकी एक.

०००

मुंबई इलाख्यात इंग्रजांच्या काळी खेड्यातल्या मृत्यूंची वर्दी पोलीस पाटील देत असे. नोंदीचे रकाने ठरलेले: कॉलरा, देवी, ताप, पोटाचे विकार, इजा, आणि शेवटी ‘इतर सर्व कारणं’. खानदेश तेव्हा एकच जिल्हा होता. १९०६ साली त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन झाले, एकाचं ठाणं जळगाव आणि दुसऱ्याचं धुळे. छप्पन्नच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९००मध्ये, हा सगळा मुलूख होरपळला. दुष्काळात उपासमारीइतकीच माणसं कॉलरा आणि आमांश-अतिसाराने जातात. खानदेशातला जो शेतकरी किंवा भिल्ल मजूर पाच महिने हगून हगून गेला, तो ‘पोटाचे विकार’ या रकान्यात जमा झाला. त्या रकान्यात आमांशही होता, साधा अतिसारही होता आणि स्प्रूही.

त्याच सुमारास, १८९७ साली, लंडनमध्ये जॉर्ज थिन या डॉक्टरचं स्प्रूवर स्वतंत्र पुस्तक निघालं होतं. रुग्ण होते पूर्वेकडून मायदेशी परतलेले गोरे. त्याआधी १८८०मध्ये पॅट्रिक मॅन्सन यांनी चीनमधल्या अमॉय बंदरात राहणाऱ्या युरोपियनांतला हाच आजार वर्णिला होता, आणि त्याच्याही सव्वाशे वर्षं आधी, १७५९ साली, विल्यम हिलरी यांनी बार्बाडोस बेटावरचा. म्हणजे साहेबाचं पोट बिघडलं तेव्हा आजाराला नाव मिळालं, पुस्तक मिळालं, आणि बोटीने घरी जाऊन दूध-फळांच्या पथ्यावर राहण्याचा सल्ला मिळाला. कित्येक दशकं पाठ्यपुस्तकांचा सूर असाच होता की हा आजार उष्ण प्रदेशात गेलेल्या गोऱ्यांचा. त्या प्रदेशात जन्मलेल्यांना तो होतो का, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. विचारलाच तर ‘ते उपाशीच असतात’ हे उत्तर हाताशी होतं.

दुसऱ्या महायुद्धाने हा समज मोडला. भारत आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर सैन्याच्या तुकड्या स्प्रूने आडव्या झाल्या. त्या आघाडीवर कामातून गेलेल्या सैनिकांपैकी एक षष्ठांश स्प्रूमुळे गेले, असं वैद्यकीय ग्रंथ सांगतात. भारतातल्या छावण्यांतल्या इटालियन युद्धकैद्यांनाही तो झाला. १९४६ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये कील आणि बाउंड यांनी भारतातल्या सहाशे रुग्णांची पाहणी छापली. शिपाई आडवा झाला की युद्ध अडतं, म्हणून ही मोजदाद झाली. शेतमजूर आडवा झाला तर सोंगणी अडते; तिची मोजदाद कोण करणार?

०००

या आजाराच्या औषधाची गोष्ट मात्र मुंबईच्या परळमधून जाते, आणि ती मला त्याच्या वर्णनाच्या इतिहासापेक्षा कितीतरी जास्त आवडते.

१९२८ साली ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गिरणगावातल्या गरोदर बायका एका विचित्र अॅनिमियाने मरत होत्या. रक्तातल्या पेशी मोठ्या होत, लोह देऊन उपयोग नसे. परळच्या हाफकिन संस्थेत बसून विल्स यांनी काम सुरू केलं. जंतुसंसर्गाचा संशय त्यांनी तपासून बाजूला ठेवला. मग तळपदे यांच्यासोबत मुंबईतल्या स्त्रियांच्या आहाराची आणि राहणीची पाहणी केली. ती १९३० साली प्रसिद्ध झाली. गरीब, पडद्यात राहणाऱ्या, भाजीपाला आणि दूध जवळजवळ न मिळणाऱ्या बायकांत आजार अधिक, हे त्यातून पुढे आलं. त्या बायकांचं जेवण त्यांनी उंदरांना घातलं, पुढे माकडांना घातलं. माकडं आजारी पडली. मग एका आजारी माकडाला त्यांनी मार्माइट चारलं. मार्माइट म्हणजे बीअरच्या भट्टीत उरलेल्या यीस्टचा काळा, खारट अर्क. इंग्रज लोक तो पावाला लावून खातात (का खातात हा वेगळ्या लेखाचा विषय). माकड उठून बसलं. नंतर बायकाही बऱ्या होऊ लागल्या. १९३१मध्ये त्यांचा निबंध आला. त्यांच्या पुढच्या कामातली बारीक पण फार मोलाची गोष्ट ही की दुसऱ्या एका अॅनिमियावर चालणारा यकृताचा शुद्ध अर्क या बायकांवर चालत नव्हता, कच्चा अर्क चालत होता. म्हणजे मार्माइटमध्ये आणि कच्च्या अर्कात आणखी काहीतरी वेगळं होतं. त्याला काही काळ ‘विल्स घटक’ म्हणत.

तो घटक म्हणजे फोलेट. १९४१ साली अमेरिकेत मिचेल, स्नेल आणि विल्यम्स यांनी चार टन पालकाची पानं आटवून तो वेगळा काढला. १९४५मध्ये लेडर्ली या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत तो कृत्रिमरीत्या तयार झाला, आणि त्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते यल्लाप्रगडा सुब्बाराव.

सुब्बाराव १८९५ साली आंध्रातल्या भीमावरममध्ये जन्मले. त्यांचे दोन भाऊ थोड्याच दिवसांच्या अंतराने स्प्रूने गेले. पुढे मद्रासला वैद्यकी शिकत असताना ते स्वतःही याच आजाराने खंगले, आणि आचंट लक्ष्मीपती या वैद्यांच्या आयुर्वेदिक उपचारांनी सावरले, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. हा प्रसंग आयुर्वेदाचे अभिमानी एका बाजूने ओढतात आणि टीकाकार दुसऱ्या बाजूने. मला त्यात एवढंच दिसतं की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मद्रासच्या आधुनिक वैद्यकाकडे या मुलाला द्यायला काहीच नव्हतं. पुढे सुब्बाराव लक्ष्मीपतींच्या आयुर्वेद महाविद्यालयात शरीररचना शिकवू लागले आणि तिथून अमेरिकेला गेले. त्यांच्या हाताखाली लेडर्लीत फोलिक अॅसिड तयार झालं. त्यांच्याच काळात, तिथेच, बेंजामिन डगर यांनी मातीतल्या एका जंतूपासून ऑरिओमायसिन काढलं, म्हणजे टेट्रासायक्लिन घराण्यातलं पहिलं औषध. टॉम स्पाइज यांनी क्यूबातल्या स्प्रूच्या रुग्णांना फोलिक अॅसिड दिलं आणि काही दिवसांत त्यांची जीभ आणि रक्त सुधारू लागलं. पुढच्या दोन दशकांत अँटिबायोटिकची जोड मिळाली. भाऊ ज्या आजाराने गेले त्याच्या उपचाराचे दोन्ही पाय एकाच प्रयोगशाळेतून निघाले. सुब्बाराव १९४८ साली वारले, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी. एवढ्या माणसाला आपल्या शालेय पुस्तकांत दोन ओळींची जागा मिळायला हरकत नाही.

०००

हिंदुस्थानी खेडुताचा स्प्रू पहिल्यांदा नीट मोजला गेला तो तमिळनाडूत. १९६० ते १९६२ या काळात उत्तर आर्काट जिल्ह्यातल्या गावांत त्याची साथ आली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधले सेल्विन बेकर, व्ही. आय. मथन आणि त्यांचे सहकारी गावोगाव फिरले. त्यांचा अंदाज असा की एक लाखाच्या आसपास माणसं आजारी पडली आणि किमान तीस हजार दगावली. एक साथ, दोन वर्षं, तीस हजार माणसं. आणि आपल्यापैकी कितीजणांनी तिचं नाव ऐकलंय? उलट्या-जुलाब होत, महिनोन्‌महिने चालत, आणि माणूस वाळून जाई. पुढे १९७५ साली याच वेल्लोरच्या गटाने विष्ठेत कोरोनाविषाणूसारखे दिसणारे कण सापडल्याचं ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. साथीचं मूळ म्हणून त्यांच्यावर शिक्का बसला नाही. नाव मात्र २०२० नंतर वाचणाऱ्याला चमकवतं.

मुंबईत केईएम रुग्णालयात खुर्शीद जीजीभॉय, एच. जी. देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठच्या दशकात पश्चिम भारतातल्या अशा रुग्णांचा अभ्यास केला. १९६८ साली तो अमेरिकेतल्या पोषणविषयक नियतकालिकात आला. जीजीभॉय नंतर टोरोंटोला गेले आणि ज्यांचं आतडं अजिबात चालत नाही अशांना शिरेतून संपूर्ण अन्न देण्याच्या तंत्रात जगभर नाव कमावलं. केईएमच्या त्या खाटांवर राज्यभरातून माणसं येत, तशी ती आजही येतात. खानदेशातून मुंबईला जाणाऱ्या रात्रीच्या गाड्यांत मांडीवर फायलींची पिशवी घेऊन बसलेली माणसं नेहमी दिसतात.

०००

आता केळी.

रावेर, यावल, चोपडा, सावदा, फैजपूर हा पट्टा केळीचा. बसराई आणि श्रीमंती या जुन्या वाणांच्या जागी ऊतिसंवर्धित ग्रँड नैन आली, ठिबक आलं, २०१६मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं. या फळाचा आणि आपल्या आजाराचा एक जुना, काहीसा विनोदी संबंध आहे, तो इथल्या बागाइतदाराला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

बेली अॅशफर्ड हे अमेरिकी लष्करी डॉक्टर पोर्तो रिकोत होते. तिथे शहरात राहून पाव खाणाऱ्यांना स्प्रू होतो आणि केळीवर जगणाऱ्या शेतकऱ्यांना होत नाही, असं निरीक्षण नोंदलं गेलं. ते न्यूयॉर्कच्या सिडनी हास या बालरोगतज्ज्ञांच्या वाचनात आलं. त्यांनी सीलिअॅकने खंगलेल्या मुलांना केळी चारायला सुरुवात केली आणि पाव, बिस्किटं, बटाटे बंद केले. १९२४ साली त्यांनी दहा मुलांची हकिकत छापली. केळी खाणारी आठ सुधारली होती. न खाणारी दोन दगावली होती. मग काय, अमेरिकाभर केळीचा आहार गाजला आणि पुढची पंचवीस वर्षं ती मुलं खरंच वाचत राहिली. गंमत पुढे आहे. नेदरलँड्समधले विलेम डिके हे डॉक्टर गव्हावर आधीपासून संशय घेऊन होते. १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मन वेढ्यामुळे तिथे पाव मिळेना, लोक ट्यूलिपचे कंद खाऊ लागले, आणि डिके यांची सीलिअॅकची मुलं सुधारली. पाव परत आला आणि मुलं पुन्हा आजारी पडली. हासची मुलं केळीने वाचली नव्हती, पाव बंद झाल्याने वाचली होती. केळ्याने फक्त पोट भरलं होतं. बागाइतदारांनी नाराज होऊ नये. अशक्त मुलाचं पोट भरणं हेही कमी काम नाही.

हा किस्सा खानदेशाला आणखी एका कारणाने लागू पडतो. इथली जुनी भाकरी ज्वारीची, बाजरीची, आणि ज्वारीत उडीद घालून दळलेल्या कळण्याची. भाकरीबरोबर वांग्याचं भरीत आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. या ताटात ग्लुटेन शून्य. गहू असायचा तो खापरावरच्या मांड्यांत आणि वरण-बट्टीत, म्हणजे सणाला आणि पंगतीला. रेशनवर गहू आल्यापासून आणि ज्वारीचा पेरा घटल्यापासून पोळी रोजची झाली. एम्सचे गोविंद मखारिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशाच्या तीन भागांत लोकांचं रक्त तपासलं, तेव्हा सीलिअॅकचं प्रमाण उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ आणि दक्षिणेत ०.१० टक्के निघालं. खानदेश उत्तर आणि दक्षिण या दोन टोकांच्या मध्ये, तापीच्या काठावर बसलेला. म्हणून इथल्या डॉक्टरला दोन्ही आजार मनात ठेवावे लागतात. लखनौच्या संजय गांधी संस्थेत शोषणाच्या बिघाडाचे २७५ प्रौढ रुग्ण तपासले गेले, त्यांत सुमारे ३७ टक्के स्प्रूचे आणि १९ टक्के सीलिअॅकचे होते. दिल्लीच्या एम्समध्ये पारडं उलटं, सीलिअॅक कितीतरी जास्त.

त्यात महाराष्ट्राची स्वतःची एक भर आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाला गावातल्या आणि शहरातल्या पुरुषांपैकी सुमारे दोन तृतीयांशांत ब-१२ कमी आढळलं. बहुतेकांचं कारण साधं: शाकाहार, आणि दूध कमी. केळी पट्ट्यातल्या माळकरी शेतकऱ्याचं ब-१२ कमी आलं की डॉक्टर इंजेक्शनं लिहून मोकळा होतो, आणि ते बरोबरही असतं. पण त्याच माणसाचं वजन उतरत असेल, फोलेटही कमी असेल आणि शौच तेलकट असेल तर? हा प्रश्न विचारायला दवाखान्यात दहा मिनिटं लागतात आणि रांगेत साठ माणसं असतात. शौचाबद्दल सविस्तर बोलायला आपल्याकडे रुग्ण लाजतो, डॉक्टर त्याहून लाजतो. बाई रुग्ण असेल तर नवरा उत्तर देतो, आणि त्याला काही माहीत नसतं.

तपासण्या फार अवघड नाहीत. विष्ठेचा थेंब सुदान नावाच्या रंगात बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की चरबीचे केशरी थेंब दिसतात. झायलोज ही साखर पाण्यातून पाजायची आणि पाच तासांची लघवी साठवून ती किती उतरली ते मोजायचं. जिआर्डिया हा परजीवी आहे का ते पाहायचं. सीलिअॅकसाठी रक्ताची चाचणी, एचआयव्हीची चाचणी. मग दुर्बीण घालून लहान आतड्याच्या सुरुवातीचे चार-सहा तुकडे. १९५७ साली क्रॉस्बी आणि कुगलर यांनी बारीक नळीला जोडलेली गिळायची धातूची डबी काढली आणि जिवंत माणसाच्या अंकुरांचा तुकडा पोट न फाडता पहिल्यांदा सहज हाती आला. आज ते काम दुर्बीण करते आणि ती जळगाव-धुळ्यात आहे. धुळ्याला चक्करबर्डीचं हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावचं सिव्हिल २०१८पासून वैद्यकीय महाविद्यालय झालं. साक्री किंवा चोपड्याच्या डोंगराकडच्या गावातून तिथवर यायचं म्हणजे मात्र एक दिवसाची मजुरी, दोघांचं भाडं आणि ‘उपाशीपोटी पुन्हा या’.

आजार एकूण कमी झालाय, हेही सांगायला हवं. पाणी थोडं सुधारलं. आणि दोन शिंका आल्या तरी अँटिबायोटिक घेणाऱ्या या देशात सुरुवातीचा स्प्रू न कळताच बरा होत असावा, असं अनेक तज्ज्ञांना वाटतं. ही काही अभिमानाची गोष्ट नव्हे. शिवाय पाणी सुधारलं म्हणताना जपून म्हणायचं. धुळे आणि भुसावळसारख्या शहरांत नळाला अनेक दिवसांआड पाणी येतं. घरोघरी निळे ड्रम भरून ठेवलेले, त्यात कुणाचाही हात, कुणाचाही तांब्या. उन्हाळ्यात टँकर. यावल आणि रावेरमध्ये केळीसाठी भूजल इतकं उपसलंय की हे तालुके अतिउपसा झालेल्यांच्या यादीत आहेत.

०००

मुलांचं प्रकरण वेगळं, आणि माझ्या मते जास्त गंभीर.

सातपुड्याच्या कडेने पावरा आणि तडवी वस्त्या आहेत. शिरपूर, चोपडा, यावल, रावेर, आणि १९९८पर्यंत धुळ्याचाच भाग असलेला सगळा नंदुरबार. तिथल्या अंगणवाडीत सेविकेच्या तोंडी सॅम आणि मॅम (तीव्र आणि मध्यम कुपोषण) हे शब्द इतके रुळलेत की ती आद्याक्षरं आहेत हेच विसरलं गेलंय. बाळ खातं, अंडं मिळतं, केळं मिळतं, ग्राम बालविकास केंद्रात महिनाभर दिवसातून अनेकदा भरवलं जातं, वजन वाढतं. आणि घरी गेल्यावर तीन महिन्यांत पुन्हा लाल रेघेखाली. दोष आईवर येतो.

या मुलांना स्प्रू नसतो. पण त्यांच्या आतड्यांत स्प्रूचं सौम्य, चोरपावलांनी येणारं भावंड असतं. जन्मताना अंकुर ताठ असतात. घाण पाण्या-मातीत रांगता रांगता काही महिन्यांतच ते बुटके होतात. जुलाब असतीलच असं नाही. वेल्लोरच्या बेकर यांना वरकरणी धडधाकट दक्षिण भारतीयांच्या आतड्यांतही हे बदल दिसले होते. साठच्या दशकात पूर्व पाकिस्तानात आलेल्या अमेरिकी पीस कोअरच्या तरुणांची आतडी काही महिन्यांत तशीच झाली आणि मायदेशी गेल्यावर पूर्ववत झाली. म्हणजे रक्तात, जातीत, वंशात काही नाही. जागेत आहे. बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वेत मोठे प्रयोग झाले. घरोघरी शौचालय, हात धुण्याची सोय, पाण्यात क्लोरीन दिलं, आणि तरी मुलांची उंची वाढली नाही. पूरक आहाराने किंचित वाढली. हे निष्कर्ष २०१८-१९मध्ये आले तेव्हा या क्षेत्रातली माणसं हादरली. माझं वाचन असं की घरात एक संडास बांधून अंगणातल्या कोंबड्या, गुरं आणि उघडं गटार जात नाही. अर्धी स्वच्छता आतड्याला कळत नाही.

शाळेत मुलींना दर आठवड्याला मिळणारी निळी गोळी, गरोदर बाईला मिळणारी लाल गोळी, या दोन्हींत लोहाबरोबर पाचशे मायक्रोग्रॅम फोलिक अॅसिड असतं. परळच्या माकडाने खाल्लेल्या मार्माइटची ती पणती. स्प्रूच्या रुग्णाला याच्या दहापट, पाच मिलिग्रॅम रोज लागतं. औषध म्हणून पाहिलं तर ते आशाताईच्या पिशवीपर्यंत पोहोचलेलंच आहे, फक्त मात्रा वेगळी.

राहिली मुदत. सहा महिने सलग गोळ्या. रुग्णाला पहिल्या पंधरा दिवसांत जिभेची आग थांबल्याचं जाणवतं, भूक लागते, महिन्यात अंगात जीव येतो. मग गोळ्या का घ्यायच्या? इथे खानदेशाचं वेळापत्रक आडवं येतं. साक्री, नवापूर, नंदुरबारकडची कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने सत्तरच्या दशकात बारडोलीच्या साखर कारखान्यांभोवतीच्या त्यांच्या तळांवर जाऊन लिहिलं आहे. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे एक ‘कोयता’ म्हणून मोजतात. पाल शेतात, पाणी चारीचं किंवा जवळच्या बोअरचं, शौचाला ऊस. पोट बिघडायला याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही, आणि उपचार चालू असलेल्या माणसाला नेमकं तिथेच जायचं असतं. न जाऊन चालत नाही, कारण मुकादमाची उचल पावसाळ्यातच खर्च झालेली असते.

काही डॉक्टर यावर साधा मार्ग काढतात. निदान झालं की सहा महिन्यांच्या गोळ्या एकदम बांधून देतात, ब-१२ची इंजेक्शनं कुठल्या तारखांना घ्यायची ते मराठीत आणि गुजरातीत एका कागदावर लिहितात, आणि तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बायकोच्या हातात देतात, नवऱ्याच्या नव्हे. होळीच्या आसपास टोळ्या परततात तेव्हा वजन पुन्हा घेतात. त्यासाठी निदान दिवाळीच्या आधी व्हावं लागतं. बायोप्सीचा अहवाल यायला बरेच दिवस जातात, आणि टोळीचा ट्रक भाऊबीज झाली की लागतो.